ओलीकूक ते ओलीबॉल: एका तळणीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, 9 नोव्हेंबर 2024, डेल्फ्ट

हिवाळ्याची वेळ लागू झाली, म्हणजे घड्याळे एक तास मागे घेतली, की येथे पाच वाजताच दिवेलागण होते, आणि त्याच सुमारास नेदरलँड्सच्या गावोगावी चौकाचौकांत ओलीबॉलच्या गाड्या उभ्या राहू लागतात. ओलीबॉल म्हणजे मैदा, दूध आणि यीस्ट यांच्या दाट पिठात बेदाणे घालून, ते पीठ फुगवून कढत तेलात सोडलेला मुठीएवढा गोळा. 'ओली' म्हणजे तेल आणि 'बॉल' म्हणजे गोळा, त्यामुळे मराठी कानाला ओलाव्याचा भास झाला तरी या नावाचा पाण्याशी काही संबंध नाही. वर्षातले दहा महिने त्याची फारशी आठवणही कोणी काढत नाही, आणि 31 डिसेंबरच्या रात्री मात्र तो नाही असे डच घर सापडणे कठीण.

आज संध्याकाळी मुलीबरोबर जाऊन सहा ओलीबॉल आणले. कागदी पिशवीच्या तळाशी पिठीसाखर साचली होती आणि वाफेने पिशवीचा कागद मऊ पडला होता. गोळा मोडला तेव्हा आतला गाभा पावासारखा जाळीदार निघाला, बाहेरची पापडी मात्र करकरीत होती, आणि एक बेदाणा बाहेरच्या बाजूला राहून जळाला होता, तो कडू लागला. शेजारच्या आजींना दोन नेऊन दिले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या तोंडी याचे नाव 'ओलीकूक' असे होते. 'कूक' हा शब्द डच भाषेत केकसारख्या, बहुधा चपट्या गोड पदार्थासाठी वापरतात. एकाच पदार्थाला आधी कूक आणि नंतर बॉल का म्हटले गेले असावे, हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी घरी आले आणि ही वही काढली.

ठरवले ते असे: वर्षअखेरपर्यंत सध्याच्या पद्धतीचे ओलीबॉल नीट जमवायचे, सापडेल त्या सर्वांत जुन्या कृतीनेही ते करून पाहायचे, आणि 31 तारखेला दोन्ही शेजारी शेजारी वाढायचे.

रविवार, 10 नोव्हेंबर

दिवसभर वाचन केले. ज्या कृतीपासून सुरुवात करता येईल ती 1667 सालच्या 'दे फरस्टांडिख कॉक', म्हणजे 'शहाणा स्वयंपाकी', या डच पाकपुस्तकात मिळाली. जुनी डच भाषा मला एकटीला लागत नसल्याने आजी चष्मा लावून माझ्याशेजारी बसल्या आणि आम्ही एकेक ओळ सोडवली. दोन पौंड गव्हाच्या पिठाला दोन पौंड लांब मनुका, म्हणजे पिठाइतक्याच मनुका. त्या धुऊन कोमट पाण्यात भिजवायच्या. मग बारीक चिरलेली उत्तम सफरचंदे, सोललेले बदाम, एक लोट (सुमारे 15 ग्रॅम) दालचिनी, पाव लोट पांढरे आले, थोड्या लवंगा, अर्धे भांडे पातळ केलेले लोणी, एक मोठा चमचा यीस्ट आणि पिंटभराहून कमी कोमट दूध. पीठ खूप दाट असले पाहिजे, असे लिहिणाऱ्याने मुद्दाम बजावले आहे. साखर नाही आणि अंडेही नाही. गोडवा आहे तो सगळा मनुकांचा.

तेलाबद्दलची सूचना मला सर्वांत आवडली. राप नावाच्या बियांचे तेल घ्यावे, त्यात पावाचे एक कवच आणि अर्धे सफरचंद टाकावे, आणि ते चुलीवर चांगले जळू द्यावे, असे पुस्तक सांगते. राप ही मोहरीच्या कुळातली वनस्पती आहे आणि तिचे जुन्या काळचे तेल उग्र असे. तो उग्रपणा मारण्याची ही युक्ती. मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून मगच फोडणी करणाऱ्या स्वयंपाकघरांना हा विचार परका वाटणार नाही.

उगमाबद्दल एक दंतकथा जिकडे तिकडे सांगितली जाते. मध्यहिवाळ्याच्या रात्री पेर्ख्टा नावाची देवता आकाशातून फिरते आणि तलवारीने माणसांची पोटे फाडते, पण ज्याने तेलकट खाल्ले आहे त्याच्या पोटावरून तलवार घसरते, म्हणून हे गोळे खायचे. कथा ऐकायला चांगली आहे, पण तिच्यावर इतिहास उभा करावा असे मला वाटत नाही. त्यापेक्षा पुस्तकातले जिन्नसच मला अधिक बोलके वाटतात: सुकवलेली द्राक्षे, साठवणीतली सफरचंदे, बियांचे तेल, दळलेला गहू आणि सुके मसाले. शेतात आणि झाडावर काही नसताना घरातल्या कोठीत जे उरते, त्याचाच हा पदार्थ आहे.

शनिवार, 16 नोव्हेंबर

पहिला प्रयोग सध्याच्या पद्धतीने केला. मैदा 500 ग्रॅम, कोमट दूध 450 मिलिलिटर, सुके यीस्ट 7 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, एक अंडे, बेदाणे 200 ग्रॅम आणि एक आंबटसर सफरचंद. पीठ तासाभरात दुप्पट झाले आणि भांड्याच्या झाकणाला जाऊन टेकले, तोवर सगळे नीट होते.

घाणा मात्र बिघडला. दीड लिटर तेल 180 अंशांवर आल्यावर मी उत्साहाने एकदम सात गोळे सोडले आणि थर्मामीटरचा काटा पाहता पाहता 150 च्या खाली गेला. तेल उतरले की पापडी लवकर धरत नाही, आणि पापडी धरेपर्यंत पीठ तेल पीत राहते. बाहेर काढलेले गोळे हातात जड लागले आणि टिपकागदावर ठेवताच खाली तेलाचे तळे झाले. दुसऱ्या घाण्याला आच वाढवली, तर तेल 195 पर्यंत चढले, गोळे दोन मिनिटांत तपकिरी झाले आणि आत पीठ कच्चे राहिले. कच्चे पीठ सुरीच्या पात्याला चिकटून आले, तेव्हा मुलीचे तोंड उतरले. सगळे टाकून द्यावे लागले, आणि मैदा, दूध वाया गेल्याचे मला दिवसभर वाईट वाटत राहिले.

रविवार, 17 नोव्हेंबर

कालच्या चुका दुरुस्त केल्या. एका वेळी चारच गोळे. प्रत्येक घाण्याआधी तेल पुन्हा 180 वर येईपर्यंत थांबणे. आणि गोळे सोडण्यासाठी आइसक्रीम काढण्याचा गोल चमचा, तोही प्रत्येक वेळी गरम तेलात बुडवून घेतलेला, म्हणजे पीठ न चिकटता अलगद सुटते. बेदाणे भिजवल्यानंतर फडक्यात गुंडाळून कोरडे केले, कारण ओले बेदाणे पीठ पातळ करतात आणि तेल उडवतात.

आज गोळा तेलात पडल्यावर काय होते ते मी शांतपणे पाहिले. तो आधी बुडाशी जातो, दोनतीन सेकंदांत वर येतो आणि अर्धा बुडालेला तरंगत राहतो. बुडालेली बाजू फुगून हलकी झाली की काही गोळे कोणी हात न लावता स्वतःच कुशीवर वळतात. जे वळत नाहीत त्यांना झाऱ्याचा हलका धक्का पुरतो. मुलीने प्रत्येक घाण्यात आपोआप वळलेले गोळे मोजले: पहिल्यात एक, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन. एकूण वेळ सहा मिनिटे. मधोमध खुपसलेली लाकडी काडी कोरडी निघाली.

यीस्टविषयी एक जोड. 1667 मध्ये 'एक मोठा चमचा यीस्ट' म्हणजे बिअर आंबवताना मिळणारे ओले, फेसाळ यीस्ट असे. त्याचा जोर रोज वेगळा, म्हणून पीठ किती वेळात फुगेल याचा नेम नसे. पावासाठी मुद्दाम तयार केलेले, भरवशाचे यीस्ट पुढे कारखान्यांतून येऊ लागले, आणि त्यातला एक मोठा कारखाना जाक फान मार्केन यांनी याच डेल्फ्टमध्ये 1869 साली काढला. रोजच्या रस्त्याने जाताना हे माहीत नव्हते.

शनिवार, 23 नोव्हेंबर

आज 1667 ची कृती केली. अॅमस्टरडॅमचा जुना पौंड सुमारे 494 ग्रॅमचा आणि लोट म्हणजे त्याचा बत्तिसावा भाग, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. मी सगळे निम्म्याने घेतले: पीठ 494 ग्रॅम, मनुका 494 ग्रॅम, दालचिनी साडेसात ग्रॅम, सुंठ दोन ग्रॅम, लवंगा चार. पांढऱ्या आल्याच्या जागी मी घरची सुंठ कुटून घातली.

पीठ कालवताना मनात शंका आली. दूध 280 मिलिलिटरच्या पुढे नेता येईना आणि हे पीठ चमच्यावरून पडायलाच तयार नव्हते. मनुका घातल्यावर तर पीठ मनुकांना नुसते धरून ठेवण्यापुरते उरले. त्याला फुगायलाही अडीच तास लागले. लोण्याचा आणि मनुकांचा भार हे एक कारण, आणि दुसरे दालचिनी: तिच्यातले तेल यीस्टची वाढ मंदावते आणि येथे तर ती पोळीवर भुरभुरण्याइतकी नसून मोठा चमचाभर आहे.

तळताना वास मात्र असा सुटला की आजी दार वाजवून आत आल्या. गोळे सध्याच्या ओलीबॉलपेक्षा लहान, काळपट, खडबडीत आणि वजनदार झाले. मोडले तर जाळी बारीक, आणि मनुका तेलात शिजून मऊ, मधासारख्या. साखर नसल्याने गोडवा घासाच्या शेवटी येतो आणि आधी लवंग लागते. मला हे गाडीवरच्या ओलीबॉलपेक्षा निःसंशय अधिक आवडले. मुलीला नाही, तिला गाडीवरचेच हवे आहेत.

रात्री वेंगुर्ल्याला आईला फोन केला. ती अंडे खात नाही, म्हणून येथे आली असतानाही तिने ओलीबॉलला कधी हात लावला नव्हता. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कृतीत अंडे नाही असे सांगितल्यावर तिने मला सगळे माप पुन्हा वाचायला लावले आणि लिहून घेतले. "अगं, हे तर आपल्या गुलगुल्यांच्या वळणाचं आहे," ती म्हणाली, "फक्त गूळ नाही आणि केळं नाही."

रविवार, 24 नोव्हेंबर

नावाचा प्रश्न आज हाती घेतला. माझा तर्क असा होता की पूर्वी तेल महाग, म्हणून कढईत ते थोडे घेत. थोड्या तेलात पीठ बुडाला टेकून पसरते आणि चपटे होते, म्हणून 'कूक'. पुढे तेल मुबलक झाले, पीठ तरंगू लागले, गोल झाले, आणि नाव 'बॉल' पडले.

तपासण्यासाठी दोन भांडी घेतली. पसरट तव्यात दीड सेंटिमीटर तेल आणि खोल पातेल्यात आठ सेंटिमीटर. सध्याच्या पद्धतीचे पातळसर पीठ तव्यात सोडले ते लगेच पसरले, हाताच्या तळव्याएवढे झाले आणि घारग्यासारखे झाऱ्याने उलटावे लागले. तेच पीठ पातेल्यात गोल तरंगले. येथपर्यंत तर्क खरा ठरत होता. मग कालच्या जुन्या कृतीचे राखून ठेवलेले पीठ तव्यात सोडले, आणि ते पसरलेच नाही. बुडाशी थोडे चपटे झाले, बाकी ओबडधोबड गोळाच राहिला. शिवाय पुस्तकात दोन पौंड पिठासाठी एक मेंगेलन तेल सांगितले आहे. ते सव्वा लिटरच्या आसपास भरते, म्हणजे ती उथळ तळणी नव्हेच.

दुपारी डॉर्ड्रेख्टचा चित्रकार आल्बर्ट काउप याचे सुमारे 1652 चे एक चित्र पडद्यावर मोठे करून पाहिले. त्यात एक स्त्री आहे आणि तिच्याजवळच्या भांड्यात तळलेले ओलीकूक भरले आहेत. ते चपटे नाहीत. ओबडधोबड, पण गोळेच आहेत, काल माझ्या टिपकागदावर होते तसे. म्हणजे पदार्थ गोल होताच आणि लोक त्याला तरीही कूक म्हणत होते. माझा सुबक तर्क मला सोडून द्यावा लागला. 'ओलीबॉल' हा शब्द फान डाले या डच शब्दकोशात 1868 साली आला, त्यानंतरही काही दशके 'ओलीकूक' हेच नाव अधिक चालत होते, आणि विसाव्या शतकात 'बॉल' पुढे गेला. आकार आधीचा आणि नाव नंतरचे, एवढे मला आता खात्रीने लिहिता येते.

जुने नाव समुद्रापलीकडेही गेले. न्यू अॅमस्टरडॅम ही डच वसाहत 1664 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाऊन न्यूयॉर्क झाली, पण तिथल्या डच घरांतली तळणी चालूच राहिली, आणि 1809 मध्ये वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकी लेखकाने त्या शहराच्या डच दिवसांवर लिहिताना गोड पिठाच्या तळलेल्या गोळ्यांना 'डोनट किंवा ओलीकूक' अशी दोन्ही नावे एकत्र दिली.

शनिवार, 7 डिसेंबर

सिंटरक्लासचा, म्हणजे मुलांना भेटवस्तू देण्याचा, डच सण परवा झाला, त्यामुळे आता ओलीबॉलचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू झाला आहे. गाडीपुढे वीसबावीस माणसे होती. मनुका नसलेले साधे, मनुकांचे, आणि शेजारी सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळलेले 'आपलबेन्ये', असे तीन ढीग. रांगेत एका वडिलांनी मुलाचा मफलर उलटा बांधलेला पाहून त्याला प्रेमाने 'ओलीबॉल' म्हटले. आपण 'वेडोबा' म्हणतो त्या सुरात हा शब्द वापरतात. बेल्जियमच्या फ्लांडर्समध्ये याच गोळ्यांना 'स्माउटबॉल' म्हणतात. 'स्माउट' म्हणजे चरबी. नाव तळणीच्या माध्यमावरून पडले हे दोन्हीकडे सारखेच.

शनिवार, 21 डिसेंबर

रंगीत तालीम. दोन्ही पिठे एकाच वेळी तयार व्हावीत म्हणून जुन्या कृतीचे पीठ दीड तास आधी कालवले. दालचिनीत एक बदल केला: ती मनुकांबरोबर, पीठ एकदा फुगून गेल्यावर मिसळली. फुगण्याची वेळ अडीच तासांवरून पावणेदोन तासांवर आली आणि चवीत फरक पडला नाही.

मसाले कुटताना त्यांचा प्रवास मनात होता. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या सहा शाखांपैकी एक येथे डेल्फ्टला होती. 1656 मध्ये कंपनीने कोलंबो पोर्तुगीजांकडून घेतले, म्हणून 1667 च्या पुस्तकातली दालचिनी बहुधा सिंहलद्वीपाची. लवंग आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन आणि आसपासच्या बेटांची, जिथे भाव टिकवण्यासाठी कंपनीने आपल्या ताब्याबाहेरची लवंगेची झाडे तोडून टाकली आणि तिथल्या माणसांवर फार मोठा अन्याय केला. चार लवंगा कुटताना हे विसरू नये असे मला वाटते. आणि याच कंपनीची वखार 1637 पासून आमच्या वेंगुर्ल्यात होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत आणि लहानपणी शाळेतून येताना आम्ही त्या भिंतींजवळून जात असू. ज्या गावात मी हे लिहीत बसले आहे त्या गावाचे नाव मी तेव्हा ऐकलेही नव्हते.

मंगळवार, 31 डिसेंबर

आजींच्या सांगण्यावरून तळणी त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये केली. घरात तळले तर पडद्यांतून आठवडाभर वास जात नाही, आणि म्हणून येथे पुष्कळ घरांत हे काम बाहेरच होते. चार वाजता सुरुवात केली, पाचच्या सुमारास अंधार पडला. दार उघडे, हातात थंडी आणि तोंडावर तेलाची ऊब.

एकूण घाणे 14. सध्याचे 36 गोळे, जुन्या कृतीचे 20. तापमान प्रत्येक वेळी 175 ते 182 च्या दरम्यान राहिले. नोंद मुलीने ठेवली. जुन्या पुस्तकाला मान देऊन पावाचे कवच मीही तेलात टाकले. आजच्या शुद्ध केलेल्या तेलात मारण्यासारखा उग्रपणा नसल्याने त्याचा तो उपयोग दिसला नाही, पण कवच किती वेळात सोनेरी होते यावरून तेल तयार झाल्याचे नेमके कळत होते. थर्मामीटर नसलेल्या काळात स्वयंपाक्यालाही ते कळत असणार. आई यासाठी पिठाचा थेंब सोडून पाहते.

साडेसात वाजता वेंगुर्ल्यात बारा वाजले. आईने फोनच्या पडद्यासमोर ताटली धरली: बिडाच्या कढईत, खोबरेल तेलात तळलेले नऊ ओलीकूक. सफरचंदाच्या जागी तिने पिकलेले केळे घातले होते. एक मोडून तिने आतली जाळी दाखवली आणि मनुका कमी करायला हव्या होत्या असे म्हणाली. तरी तिने दोन खाल्ले.

आमच्याकडे दहा वाजता टेबल मांडले. आजींनी आधी जुन्या कृतीचा गोळा घेतला, पिठीसाखर न लावता, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या की नाताळात आजीच्या घरात शिरताना असाच वास येत असे, त्यांना वाटत होते तो वास जुन्या कपाटाचा असावा. बारा वाजता बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा मुलगी पिठीसाखरेने पांढरे झालेले हात घेऊनच खिडकीकडे धावली. काचेवर तिच्या पाच बोटांचे ठसे उमटले आहेत.

बुधवार, 1 जानेवारी 2025

उरलेले: सध्याचे अकरा, जुने दोन. ओव्हनमध्ये 160 अंशांवर सात मिनिटे ठेवल्यास पापडी पुन्हा करकरीत होते. मायक्रोवेव्हमध्ये ती चामट होते, तो प्रयत्न करू नये. जुन्या कृतीचे गोळे दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागतात, कारण मनुकांचा ओलावा रात्रभरात पिठात उतरतो. वापरलेले तेल गार करून, गाळून बाटल्यांत भरले आहे. ते उद्या तेल गोळा करण्याच्या पिवळ्या पिंपात टाकायचे आहे.

पुढच्या नोव्हेंबरसाठी: मनुका 494 ऐवजी 400 ग्रॅम घेऊन पाहणे; बदाम या वेळी जाड राहिले, ते उभे काप करून घालणे; आईच्या केळ्याच्या पिठाला किती दूध लागले ते विचारून येथे लिहिणे. आजींना त्यांच्या आजीची एक वही माळ्यावर असल्याचे आठवले आहे. जिना अरुंद आहे, म्हणून शनिवारी मी वर चढणार आहे आणि त्या खालून कंदील धरणार आहेत.